रत्नाचा रंग आणि रत्नाचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत चिखला नांवाचें गांव आहे. तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या फांट्यावर गोबरवाही म्हणून स्टेशन लागतें, तें ह्या गांवाच्या जवळचें. नांव ऐकून चिखलाची आठवण होते. पण गांवाची ख्याति मातीची नसून दगडाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथें मँगनीजची खाण चालत आलेली आहे. मध्यप्रांतांत ह्या धातूच्या शोधासाठीं १८९६ सालीं एक मंडळी स्थापन झाली. तिच्या कारभाराचा वारसा पुढें १९६२ सालीं निघालेल्या ‘मँगनीज ओअर इंडिया’ ह्या कंपनीकडे आला, आणि आज ‘मॉयल’ ह्या नांवानें तीच कंपनी चिखल्याची खाण चालवीत आहे. खाणींतून निघणारें खनिज काळें, जड आणि दिसावयास अगदीं रुक्ष असतें. पोलादाच्या भट्टींत त्याचा शेवट होतो.

परंतु ह्या काळ्या खनिजाच्या अंगाशीं लागून जे खडक आहेत, त्यांचे रंग पाहून नवखा मनुष्य थक्क होतो. गुलाबी ऱ्होडोनाइट, नारिंगी-तांबूस स्पेसार्टिन, डाळिंबी झांक असलेला पीडमाँटाइट अशीं खनिजें ह्या खडकांत आढळतात. पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं हें माणिक तर नव्हे? उत्तर सोपें आहे. हें माणिक नव्हे; हा रंग मँगनीजचा आहे. पण त्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचें उत्तर मात्र तितकें सोपें नाहीं. दगडाचा रंग पाहून त्याची जात ठरत नसेल, तर ती कशावरून ठरवावी? आणि जात खरी ठरली तरी रंग जन्माचा कीं मागाहून चढविलेला, हें कोणीं आणि कसें सांगावें? माणिक आणि नीलम ह्या दोन रत्नांच्या बाबतींत ह्या प्रश्नानें राजांच्या कोशाध्यक्षांस, जव्हेऱ्यांस आणि लग्नकार्यासाठीं दागिना करावयास निघालेल्या संसारी माणसांस शतकानुशतकें कोड्यांत टाकलें आहे.

माणिक आणि नीलम हीं नवरत्नांत वेगवेगळीं गणलीं जातात. एक सूर्याचें, दुसरें शनीचें. खनिजशास्त्राच्या दृष्टीनें मात्र तीं सख्खीं भावंडें होत. दोहोंचें मूळ कुरुंद. सुरी-कात्रीला धार लावण्याच्या कामीं ज्या कुरुंदाचा उपयोग होतो, तोच हा कुरुंद. दक्षिणेंतील ‘कुरुंदम्’ ह्या शब्दावरूनच इंग्रजींतील ‘कोरंडम्’ हें नांव आलें. चिखला ज्या जिल्ह्यांत आहे त्याच भंडारा जिल्ह्यांत पोहरा येथें कुरुंदाचे साठे आहेत. पण तो कुरुंद अपारदर्शक, घासकामाचा आणि उष्णता सोसणाऱ्या विटांच्या धंद्यांतला. शुद्ध कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायु ह्यांचा संयोग, आणि तो रंगहीन असतो. त्यांत क्रोमियमचा शेंकडा एक किंवा त्याहूनही कमी अंश शिरला, कीं माणिक होतें. लोह आणि टायटॅनियम हीं जोडीनें शिरलीं, कीं नीलम होतो. एवढ्याशा परक्या अंशावर रत्नाचें सारें ऐश्वर्य उभें आहे. जें एवढ्या थोडक्यानें घडतें तें माणसासही घडवितां येईल, हा विचार मनुष्यजातीला फार लवकर सुचला.

आपल्या देशांत रत्नपरीक्षेचें शास्त्र प्राचीन आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजकोशांत घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेसाठीं एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत रत्नांवर अध्याय लिहिले आणि पद्मरागाच्या उत्पत्तीच्या संबंधांत कुरुविंदाचें नांव घेतलें. बुद्धभट्टाची ‘रत्नपरीक्षा’ प्रसिद्ध आहे, आणि गरुडपुराणांतील रत्नांचे अध्याय बहुतांशीं तिच्याशीं जुळतात. ह्या ग्रंथांची भाषा मोठी रसिक आहे. माणकाचा रंग कसा? तर जास्वंदीसारखा, गुंजेसारखा, डाळिंबाच्या दाण्यासारखा, कोकिळेच्या डोळ्यासारखा. नीलम कसा? तर भ्रमरासारखा, मोराच्या कंठासारखा, जवसाच्या फुलासारखा. उत्तम नीलम शंभरपट दुधांत टाकला असतां तें दूध निळें दिसावें, अशीही एक कसोटी सांगितलेली आहे. हीं सर्व लक्षणें रंगाचीं आणि तेजाचीं आहेत. परीक्षकाची मुख्य भिस्त डोळ्यावरच होती, आणि डोळ्यास रंगच प्रथम दिसतो.

तरीही ह्या ग्रंथकारांस रंगाचा विश्वासघात ठाऊक होता. गरुडपुराणांत इंद्रनीलाच्या प्रकरणीं एक मोठा अर्थपूर्ण निषेध आहे. परीक्षेसाठीं असो किंवा गुण वाढविण्यासाठीं असो, कोणताही मणि केव्हांही अग्नींत घालूं नये, असें तेथें बजावलें आहे. कारण अग्नीचें प्रमाण न कळल्यामुळें मणि दाहदोषानें दूषित होतो, आणि असा मणि तो बाळगणाऱ्यास, तें कृत्य करणाऱ्यास आणि करविणाऱ्यास, तिघांसही अनर्थकारक होतो. जें कोणी करीतच नाहीं त्याचा निषेध करण्याची गरज पडत नाहीं. गुण वाढावेत म्हणून रत्न भाजण्याची युक्ति त्या काळींही चालू होती, हें ह्या निषेधावरून उघड होतें.

बाहेरच्या जगांतही हीच गोष्ट होती. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें पहिल्या शतकांत लिहून ठेवलें, कीं स्फटिकाला रंग देऊन त्याचें मोलवान रत्न भासविण्याच्या कृति सांगणारे ग्रंथ आपल्या काळीं आहेत. त्यांचीं नांवें मात्र त्यानें बुद्ध्याच सांगितलीं नाहींत. अकराव्या शतकांत अल्-बीरूनी ह्यानें आणि तेराव्या शतकांत अल्-तीफाशी ह्यानें माणिक तापवून त्याचा रंग निवळविण्याची रीत नोंदून ठेवली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं मलबार किनाऱ्यावर राहिलेला पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा ह्यानेंही सिंहलद्वीपांत माणकें कांहीं तास विस्तवांत ठेवण्याची चाल असल्याचें सांगितलें आहे. इकडे आपल्या सोनारांजवळ ह्याहून सौम्य उपाय होता. कोंदणांत खड्याच्या खालीं चकचकीत धातूचा पातळ पत्रा बसवीत. त्यास डांक म्हणत. फिक्या खड्यास डांकेनें तेज येई. पण डांक खड्याच्या बाहेर असते. खडा कोंदणांतून काढला, कीं त्याचें खरें रूप समोर येतें. भट्टीनें दिलेला रंग खड्याच्या आंत असतो, आणि तो खडा कोंदणांतून काढला तरी जात नाहीं.

मग आंत काय झालें हें कसें कळावें? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या साधनानें दिलें, त्याच साधनानें चिखल्याच्या खडकांचें कोडेंही सोडविलें. म्हणून येथें पुन्हा भंडाऱ्याकडे वळणें योग्य होईल. भारतीय भूगर्भसमीक्षण खात्याचे लुइस ली फर्मर ह्यांनीं हिंदुस्थानांतील मँगनीजच्या साठ्यांवर हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ लिहिला. तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यप्रांतांतील गारगोटी आणि स्पेसार्टिन ह्यांनीं बनलेल्या खडकास त्यांनीं तेथील गोंड लोकांच्या नांवावरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें, आणि आज सर्व जगाच्या भूशास्त्रांत तें रूढ आहे. हा खडक मूळचा कसा? प्राचीन जलाशयाच्या तळाशीं मँगनीज, वाळू आणि चिखल ह्यांचे थर सांचले; पुढें ते पृथ्वीच्या पोटांत खोल दडपले गेले, आणि दाब व उष्णता ह्यांनीं त्यांचें रूप पालटलें. हें पालटणें सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वींचें आणि सहाशें-सातशें अंश सेल्सिअसच्या घरांतल्या उष्णतेचें आहे, असें अलीकडील संशोधन मानतें.

हा इतिहास कोणीं लिहून ठेवला होता? खडकानेंच. खडकाची चकती घासून घासून मिलिमीटराच्या शंभरांत तीन भाग इतकी पातळ केली, कीं ती पारदर्शक होते. आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तींतील कणाकणाची रचना दिसूं लागते. कोणता कण आधीं झाला, कोणता त्यास वेढून नंतर वाढला, हें तेथें वाचतां येतें. रंगावर विसंबणें किती धोक्याचें हेंही तेथेंच कळतें. फर्मर ह्यांनीं नागपूर जिल्ह्यांतील काचरवाहीच्या एका खनिजास ‘ब्लॅनफर्डाइट’ असें नांव दिलें. विशिष्ट प्रकाशांत हें खनिज फिरवीत गेलें, तर तें एका दिशेनें गुलाबी, दुसऱ्या दिशेनें जांभळट आणि तिसऱ्या दिशेनें आकाशी दिसतें! मग त्याचा खरा रंग कोणता म्हणावा? पुढें १९५५-५६ च्या सुमारास एस. ए. बिलग्रामी ह्यांनीं खुद्द चिखल्याच्या मँगनीजयुक्त खनिजांचा असाच सूक्ष्म अभ्यास केला, आणि ‘मिनरलॉजिकल मॅगझीन’ ह्या विलायती नियतकालिकांत तो प्रसिद्ध झाला.

ह्याच पट्ट्यांतील एक उदाहरण माणकाच्या परीक्षेस फारच जवळचें आहे. नागपूर जिल्ह्यांतील बेलडोंगरीचें ‘व्रेडेनबर्गाइट’ हें खनिज प्रथम एकजिनसी वाटलें. पण त्याचा पृष्ठभाग चकचकीत घासून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांत दोन खनिजांच्या बारीक पट्ट्या ठराविक दिशांनीं विणल्यासारख्या दिसल्या. फार तापलेल्या स्थितींत तीं दोन्ही एकरूप होतीं. खडक सावकाश थंड होतांना तीं एकमेकांपासून फुटून निघालीं. पुन्हा पुरेसें तापविलें तर तीं परत एकमेकांत विरून जातात. म्हणजे त्या पट्ट्या हा सावकाश थंड होण्याचा लेख आहे, आणि त्या नाहींशा होणें हा नव्या तापाचा लेख आहे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे माणिक-नीलमाच्या परीक्षेंतील अर्धें रहस्य उलगडतें.

रत्नांच्या बाजारांत सूक्ष्मदर्शकाची निकड प्रथम भासली ती कृत्रिम माणकांमुळें. १८८५ च्या सुमारास ‘जिनीव्हाचीं माणकें’ म्हणून कांहीं खडे युरोपांत खपूं लागले. ते भट्टींत वितळवून केलेले आहेत हें त्यांच्या आंतील वायूच्या बुडबुड्यांनीं उघडकीस आलें. १९०२ सालीं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्यूस्त व्हर्न्यूई ह्यानें ज्वालेंत भुकटी वितळवून माणिक करण्याची रीत जाहीर केली, आणि थोडक्याच वर्षांत कारखान्यांतून स्वस्त माणकांचा लोंढा बाहेर पडला. हीं माणकें कांच नव्हतीं. घटकद्रव्यें तींच, काठिण्य तेंच, प्रकाश वांकविण्याची शक्तिही तीच. जुन्या एकूणएक कसोट्या त्यांस लागू पडल्या. पण सूक्ष्मदर्शकानें एक भेद दाखविला. पृथ्वीच्या पोटांत स्फटिक सपाट पृष्ठांनीं वाढतो, म्हणून त्यांतील रंगाच्या रेघा सरळ असतात आणि कोन करून वळतात. ज्वालेखालीं माणिक थेंबाथेंबानें गोलाकार चढत जातें, म्हणून त्यांतील रेघा ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघांसारख्या वक्र असतात. मनुष्यानें निसर्गाचें द्रव्य उचललें, रंग उचलला. वाढीचा इतिहास मात्र त्यास उचलतां आला नाहीं.

दुसरें संकट अधिक नाजूक होतें, कारण त्यांत खडा खाणींतलाच असे. श्रीलंकेंत ‘गेउडा’ नांवाचा धुरकट, दुधाळ कुरुंद विपुल निघतो. पूर्वीं त्यास फारशी किंमत नव्हती. १९७० नंतरच्या दशकांत थायलंडचे व्यापारी तो विकत घेऊं लागले आणि १,६०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक उष्णतेच्या भट्टींत ठेवून त्याचा गडद निळा नीलम करूं लागले. ह्याचें कारण असें. दुधाळपणा येतो तो रुटाइल ह्या टायटॅनियमच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुयांमुळें. ह्या सुया कुरुंद सावकाश थंड होतांना त्यांतून फुटून निघालेल्या असतात. जव्हेरी त्यांस ‘रेशीम’ म्हणतात. प्रखर भट्टींत ह्या सुया विरतात, त्यांतील टायटॅनियम खड्यांत पसरतें, आणि तेथील लोहाशीं जोडी जमून निळा रंग प्रकट होतो. बेलडोंगरीच्या खनिजांत पट्ट्या विराव्यात, तशीच ही क्रिया.

ह्यावरून परीक्षकास मोठी खूण मिळाली. भिंगाखालीं रेशमाच्या सुया लांब, अखंड आणि धारदार दिसल्या, तर खड्यानें असा प्रखर ताप सोसलेला नाहीं. त्याच सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी झालेल्या दिसल्या, तर तो भट्टींतून आलेला आहे. तसेंच खड्याच्या पोटांत दुसऱ्या खनिजाचे जे बारीक कण असतात ते तापानें फुगतात किंवा वितळतात, आणि त्यांच्या भोंवतीं चकतीसारखी वाटोळी भेग पसरते. १९९० नंतर ब्रह्मदेशांतील मोंग-शू येथील माणकें बाजारांत आलीं. त्यांचा गाभा निळसर काळा असे, आणि तापविल्यावांचून तीं विकण्याजोगीं होत नसत. त्यांतील भेगा टांकणखारासारख्या द्रव्यांच्या साह्यानें भट्टींतच सांधल्या जात. त्या सांध्यांत राहिलेला कांचेसारखा अंश भिंगानें ओळखूं येतो.

पुढची पायरी रंग बाहेरून आंत घालण्याची. फिक्या नीलमास पैलू पाडून तो टायटॅनियमयुक्त भुकटींत पुरून अतिशय तापविला, म्हणजे पृष्ठभागालगत रंगाचा एक पातळ थर मुरतो. असा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटराहूनही पातळ असतो. खड्यास पुन्हा पैलू पाडले, तर आंतला फिका दगड उघडा पडतो. हा प्रकार ओळखण्याची रीत इतकी साधी आहे, कीं ती ऐकून आश्चर्य वाटावें. पांढऱ्या वाटींत पाणी घ्यावें, अथवा प्रयोगशाळेंत वापरतात तसें प्रकाश अधिक वांकविणारें द्रव घ्यावें. त्यांत खडा बुडवावा आणि खालून उजेड सोडावा. पृष्ठभागाची चकाकी नाहींशी होते आणि आंतील रंगाची वांटणी दिसते. निसर्गाचा रंग स्फटिकाच्या वाढीप्रमाणें सरळ पट्ट्यांनीं असतो. त्यास मागाहून पाडलेल्या पैलूंची ओळख नसते. मुरविलेला रंग मात्र पैलूंच्या कडांवर आणि खड्याच्या मधल्या घेरावर जाळीसारखा गडद उमटतो. जो रंग पैलूंचा आकार धरतो, तो पैलू पाडल्यानंतर आलेला असलाच पाहिजे. हा तर्क एखाद्या न्यायाधीशासही मान्य व्हावा.

भिंगाच्या सामर्थ्यास मर्यादा आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. २००२ च्या सुमारास नारिंगी आणि पिवळ्या रंगाचे पुष्कळ नीलम बाजारांत एकाएकीं दिसूं लागले. ते बेरिलियम ह्या अतिशय हलक्या मूलद्रव्यासह तापविलेले होते. बेरिलियमचा अणु इतका लहान, कीं तो खड्याच्या गाभ्यापर्यंत पोंचूं शकतो. मग कडांवरची जाळीही दिसत नाहीं. दहा लाखांत कांहीं थोडे भाग एवढ्या अंशानेंच रंग पालटतो. तेथें भिंग संशय व्यक्त करूं शकतें, निर्णय देऊं शकत नाहीं. खड्याचा अतिसूक्ष्म कण लेसरच्या किरणानें उडवून त्याचें पृथक्करण करणारी यंत्रें लागतात, आणि तीं मोठ्या प्रयोगशाळांतच असतात.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनें मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रकार भिंगास सहज सांपडणारा आहे. २००४ पासून शिसेयुक्त कांच भरलेलीं माणकें बाजारांत आलीं. मूळ दगड भेगांनीं इतका खिळखिळा असतो, कीं एरवीं तो टाकूनच द्यावा लागला असता. त्याच्या भेगांत शिसें मिसळलेली पातळ कांच वितळवून भरली, कीं भेगा लोपतात आणि पारदर्शक लाल खडा तयार होतो. दशपट मोठें दाखविणारें भिंग डोळ्याशीं धरून असा खडा उजेडांत सावकाश फिरविला, तर भेगांच्या जागीं निळसर आणि नारिंगी चमक क्षणभर उठून मावळते. कांचेंत अडकलेले चपटे-वाटोळे बुडबुडे दिसतात. आणि जेथें भेग पृष्ठावर येते तेथें कुरुंदाच्या प्रखर चकाकीच्या मध्यें कांचेची मंद रेघ उमटते. ह्याहूनही हलका प्रकार म्हणजे भेगाळलेला दगड नुसत्या लाल रंगांत बुडवून रंगविणें. तेथें भिंगाखालीं रंग भेगाभेगांत सांचलेला आणि मधला दगड फिका दिसतो.

येथें प्रश्न नुसत्या शास्त्राचा राहत नाहीं, व्यवहाराचा होतो. नुसतें तापविलेलें माणिक टिकाऊ असतें. त्याचा रंग पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आजच्या बाजारांतील बहुतेक माणकें आणि नीलम तापविलेलेच असतात, आणि तसें सांगून विकले तर त्यांत गैर कांहींच नाहीं. कांच भरलेल्या माणकाची गोष्ट निराळी. दागिना दुरुस्तीस गेला आणि सोनाराची ज्योत खड्यास लागली, तर आंतली कांच बिघडते. सोनार उजळणीसाठीं वापरतो तें तेजाब तर राहोच, लिंबाच्या रसानेंही ती कांच झिजते आणि झांकलेल्या भेगा पांढऱ्या रेघांनीं वर येतात. आईनें मुलीस द्यावा आणि मुलीनें नातीस द्यावा अशा हेतूनें केलेला दागिना एका उजळणींतच विद्रूप होतो. दोष मग ज्याच्या हातीं तो बिघडला त्या सोनारावर येतो. ज्यानें न सांगतां तो विकला त्याचें नांव कोणी घेत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते, कीं दागिन्यावर हॉलमार्क असला म्हणजे सर्व कांहीं पारखलेलें आहे. २०२१ पासून आपल्या देशांत सोन्याच्या दागिन्यांस हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. पण तो सोन्याच्या कसाची साक्ष देतो, खड्याची नव्हे. ग्रहशांतीसाठीं नीलम घेणारीं माणसें तो धार्जिणा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कांहीं दिवस उशाशीं ठेवतात. परंतु तो भट्टींतून आला आहे काय, हें विचारण्याचें त्यांच्या मनांत येत नाहीं. मुंबई आणि जयपूर येथें रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत. खडा मोलाचा असेल तर त्यांचा लेखी दाखला मागावा, आणि त्या दाखल्यांत रत्नाचें नांव वाचून न थांबतां, त्यावर कोणती क्रिया झालेली आहे ह्या रकान्यावर बोट ठेवावें. ‘माणिक’ हा शब्द न तापविलेल्या माणकासही लागतो आणि कांच भरलेल्यासही. किंमतींत मात्र दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर असतें.

लंडनच्या व्यापारी मंडळानें १९२५ सालीं रत्नांची प्रयोगशाळा काढली, तेव्हां निमित्त होतें तें संवर्धित मोत्यांचें. बेसिल अँडरसन ह्यांच्या हाताखालीं ती प्रयोगशाळा जगांत मान्यता पावली. तेव्हांपासून आजपर्यंतचा इतिहास पाहिला तर एक क्रम स्पष्ट दिसतो: नवी युक्ति निघते, कांहीं काळ बाजार फसतो, मग कोणीतरी खड्याच्या पोटांत त्या युक्तीची खूण शोधून काढतो. युक्ति करणारा रंगाकडे पाहतो, परीक्षक इतिहासाकडे पाहतो. आणि इतिहास सर्वस्वीं पुसून टाकणें फार कठीण असतें. कारण पुसण्याची क्रिया हीही इतिहासाचाच भाग होऊन आपला ठसा मागें ठेवते.

म्हणून ज्यांस पूर्वींचे जव्हेरी दोष म्हणून नांवें ठेवीत, त्या सुया, ते कण आणि त्या रेघा आज परीक्षकास फार मोलाच्या वाटतात. अगदीं निर्मळ, निष्कलंक माणिक हातीं आलें, तर जाणता पारखी प्रथम हर्षित होत नाहीं, साशंक होतो. चिखल्याच्या खडकांत शंभर कोटी वर्षांपूर्वींचा ताप जसा कणाकणांत लिहिलेला आहे, तसाच माणकांतही लिहिलेला असतो. आणि काल-परवांच्या भट्टीचा तापही त्याच लिपींत त्याच्या शेजारीं उमटतो. गरुडपुराणानें बाळगणारा, करणारा आणि करविणारा अशा तिघांस सावध केलें होतें. आजच्या दिवसांत त्यांत चौथा एक घालावयास हवा: विचारल्यावरही न सांगणारा. त्याच्यापुरतें भिंग पुरेसें आहे; पण तें विकत घेणाऱ्यानें, पैसे देण्यापूर्वीं, डोळ्याशीं धरलें पाहिजे.